डबे खाली करून

यंदा माळव्यात सोयाबीन ऐन काढणीत भिजलं. दसरा होऊन गेला तरी आभाळ हटायला तयार नाही. सांवेरकडच्या शेतांत कापून ठेवलेले ढीग जागच्या जागी काळे पडले आणि जे वाचलं ते ट्रॉल्या भरभरून आमच्या बियाण्याच्या प्लांटवर येऊन पडलं. ओलं, काडीकचऱ्याचं, आंबूस वासाचं. मी निवडणीच्या टेबलावर बसते. डागी दाणा, फुटका दाणा, खडा वेचायचा. एरवी माल कोरडा असला की दाणा बोटांखालून पळतो. यंदा तो बोटाला चिकटायचा आणि संध्याकाळी नखं दुखायची.

मी कांताबाई. आमचे हे, कचरूजी, त्याच प्लांटवर एलिवेटर सांभाळतात. एलिवेटर म्हणजे उभी लोखंडी नळी, आत पट्टा, पट्ट्याला डबे लावलेले. खड्ड्यात पडलेला माल डबे उचलतात आणि वर चाळणीला नेऊन टाकतात. सोपं काम दिसतं. पण ओला माल असला की काडी अडकते, पट्टा जाम होतो आणि मग कुणीतरी खिडकी उघडून आत हात घालायचा. तो कुणीतरी म्हणजे हे. सगळी हयात त्यात गेली आणि हाताची दहाची दहा बोटं शाबूत, याचा त्यांना भारी अभिमान.

मागच्या वर्षी ऑफिसात शमिका मॅडम आल्या. पुण्याच्या. नवीन लोकांना काम शिकवायचं खातं त्यांच्याकडे. चांगली मुलगी, उगाच कशाला खोटं बोलू. त्यांनी यांना म्हटलं, "काका, तुम्ही प्रत्येकाला वेगळं वेगळं कुठवर शिकवणार? आपण तुमचा व्हिडिओ करू. नवीन माणूस आला की टीव्हीवर बघेल, परत मोबाइलवर बघेल, हवा तितक्या वेळा."

मग काय, आमच्या घरात लगीनघाईच. यांनी केसांना कलप लावला, शर्टाला माझ्याकडून दोनदा इस्त्री करून घेतली. मी म्हटलं, "लग्नात एवढे सजला नव्हतात."

"लग्न तू एकटीनं बघितलं, कांता," हे म्हणाले. "हे सगळे बघणार आहेत."

पहिला व्हिडिओ हिंदीत झाला. लगेच त्याच्या मागं मराठीत, कारण ठेकेदार मलकापूर, रावेर, बऱ्हाणपूरकडची माणसं आणायला लागला होता. मी बाजूलाच उभी होते. हे मशीनसमोर उभे राहिले, घसा खाकरला आणि बोलले, "जय भीम. मी कचरू. पट्टा जाम झाला की पहिलं बटण बंद. मग डबे खाली करायचे. डबे खाली करून मगच आत हात घालायचा. घाई करायची नाही." आणि बोलता बोलता हातानं पुली फिरवून त्यांनी एक डबा खिडकीसमोर उतरवला. त्याच्यापुढं खरं काम होतं. पट्टा हळूहळू फिरवत राहायचा, एकेक डबा वर जाऊन ओतला जातो, तो पार मोकळा होईपर्यंत. त्याला फार वेळ लागतो. हे सगळं त्यांनी करून दाखवलं. पण मॅडमनी नंतर तेवढा भाग कापला. म्हणाल्या, लांब व्हिडिओ कुणी बघत नाही, आणि काका तोंडानं सांगतायतच की.

व्हिडिओ कँटीनच्या टीव्हीवर लागला आणि आमच्या यांचा भाव वधारला. चहाच्या टपरीवर लोक "एलिवेटरवाले काकाजी" म्हणायला लागले. घरी जेवताना ताटासमोर पाण्याचा तांब्या, तांब्याला टेकवून मोबाइल, आणि त्यात स्वतःच. मी म्हणायची, अहो, आरशात बघा, तिथं तर फुकट दिसता. पण आतून मलाही बरं वाटत होतं. यांच्या आजोबांना महूच्या पलटणीत लोक नावानं ओळखायचे. त्यांच्यानंतर आमच्या घरात कुणाला कुणी नावानं ओळखलं, ते यांनाच.

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या बुद्धरत्नचं लग्न झालं. तो लोडिंग गाडी चालवतो. सून मलकापूरकडची, धम्मदीना. बारावी झालेली, तरतरीत पोरगी, आणि बोलायला मोकळी. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली, "आत्या, तुमची मराठी हिंदीत बुडवून वाळत घातलेली आहे." मी हसले. तिचंही खरं होतं.

निवडणीच्या टेबलावर तिचं मन लागेना. दिवसभर मान खाली घालून दाणे वेचायचे, तिचा जीव त्यात गुदमरायचा. एक दिवस म्हणाली, "आत्या, बायांनी टेबलावर आणि माणसांनी मशीनवर, हे कुणी लिहून ठेवलंय?" मी यांना सांगितलं. वाटलं चिडतील. पण यांचे डोळे चमकले. म्हणाले, "शिकू दे तिला. माझा व्हिडिओ आहे ना."

आता इथं एक सांगायला पाहिजे. आमच्यात घूंघट नाही, पण माळव्यात राहून सासरा-सुनेचा लिहाज आमच्याही अंगात मुरलेला. हे सुनेच्या शेजारी कधी उभे राहायचे नाहीत. तिला काही सांगायचं तर मला सांगायचे, तिला काही विचारायचं तर ती मला म्हणायची, मामाजींना विचारा. दुसऱ्या कुणाची पोरगी असती तर यांनी मनगट धरून शिकवलं असतं, "इथं नाही बेटा, इथं." सुनेचं मनगट कसं धरणार? लोक काय म्हणतील? म्हणून तिला व्हिडिओ. ती बिचारी भाकरी थापताना व्हिडिओ लावायची, कपडे वाळत घालताना लावायची. यांचा आवाज आमच्या अंगणात दिवसभर चालू असायचा आणि खरे हे ओट्यावर पाठ करून बसलेले.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी दुपारची जेवणं उरकली होती. यांना दुसऱ्या शेडमध्ये चाळणीची जाळी बदलायला बोलावलं होतं. एलिवेटरवर धम्मदीना होती. माझ्या टेबलावर माल यायचा बंद झाला तेव्हाच समजलं की पट्टा अडकला. मी कंबर सरळ करायला उठले. बघितलं तर तिनं बटण बंद केलेलं, पुली फिरवलेली, खिडकीचं झाकण काढून बाजूला नीट ठेवलेलं. मी म्हटलं, व्वा, बरोबर सासऱ्यावर गेली. तिनं आत हात घातला, अडकलेल्या काड्यांचा बोळा ओढला, आणि पट्टा मोकळा झाला.

वर जाणाऱ्या बाजूचे सगळे डबे मालानं भरलेले होते. ते आपल्या वजनानं उलटे आले. बटण बंद होतं, वीज नव्हती, तरी आले. तिचा आवाज मी ऐकलाच नाही. डब्यांचा धडधडाट ऐकला. मी धावले तेव्हा ती खड्ड्याच्या कडेला बसलेली होती आणि उजवा हात ओढणीत गुंडाळत होती. मला म्हणाली, "आत्या, काही नाही, काही नाही." ओढणी खालून लाल व्हायला लागली होती.

शहरात अन्नपूर्णेच्या देवळाकडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जेवढं करता येईल तेवढं केलं. अंगठा आणि करंगळी राहिली. मधली तीन गेली.

घरी आणल्यावर तिचं सगळं मीच करायची. वेणी घालायची, सलवारीची नाडी बांधायची, घास मोडून द्यायचा. डाव्या हातानं ती वरण-भात कालवायची आणि शितं ओढणीवर सांडायची. सांडलं की पहिल्यांदा माझ्याकडे बघायची, मग ओट्याकडे, सासऱ्यानं बघितलं का म्हणून. न्हाणीघरातून आवाज द्यायला तिला लाज वाटायची, मग नुसती कडी वाजवायची. काल-परवापर्यंत दोन बादल्या घेऊन पळणारी पोरगी. हे ताट तसंच ठेवून उठायचे आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहायचे.

एक दिवस मी तिचे केस विंचरत होते तेव्हा ती म्हणाली, "आत्या, मी सगळं व्हिडिओत सांगितलं तसंच केलं. बटण बंद केलं. डबे खाली केले. मग हात घातला."

"खाली कुठं केले बेटा? पट्टा तर भरलेला होता."

"भरलेलाच होता. पण मी खाली केला ना. पुली फिरवून डबा खाली आणला, मामाजी आणतात तसा."

माझ्या हातातला कंगवा थांबला. मी म्हटलं, "अगं, खाली मतलब रिकामा. डबे रिकामे करायचे."

ती वळून माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "रिकामे, तर रिकामे म्हणायचं ना आत्या."

आम्ही दोन्ही म्हणतो. बस खाली आहे, म्हणजे बसायला जागा आहे. जिन्यानं खाली ये, म्हणजे उतर. जन्म गेला असं बोलण्यात, कधी अडलं नाही. तिलाही हिंदी येते, हिंदीत कुणी बोललं असतं तर तिला बरोबर समजलं असतं. पण मराठी माणूस मराठीत बोलतोय म्हणून तिनं ते मराठीच ऐकलं. आणि त्यातून व्हिडिओत डबा खाली येतानाच दिसतो.

मी यांना सांगितलं. वाटलं, ऐकून तरी घेतील. तर ते भडकले. "सगळ्या प्लांटला समजलं, तिलाच नाही समजलं? मी काय जपानीत बोललो?"

बुद्धरत्न तिथंच होता. तो म्हणाला, "बाबा, एवढंच बोला की शब्द चुकीचा गेला. बस. तिचं मन हलकं होईल."

"चुकीचा कसा? माझा बाप असंच बोलत होता. आजोबा असंच बोलत होते. आमची मराठी काय मराठी नाही?"

"तिची बोटं गेली बाबा."

"मी सांगितलं होतं," हे म्हणाले. "बरोबर सांगितलं होतं." आणि चप्पल घालून निघून गेले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. मला राग असा आला होता की जेवायला हाक मारली नाही. पण रागानं काय होतंय, आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मग चौकशी लागली. बाहेरून एक साहेब आले, आमचे मॅनेजर, शमिका मॅडम, असे ऑफिसात बसले. धम्मदीनानं माझा दंड धरला होता म्हणून मलाही आत येऊ दिलं. हे भिंतीला लागून उभे. गेल्या वर्षीचाच इस्त्रीचा शर्ट घातलेला. मॅनेजरनी लॅपटॉपवर व्हिडिओ लावला. "डबे खाली करून मगच आत हात घालायचा," लॅपटॉपमधले हे बोलले.

मॅनेजर हिंदीवाले. म्हणाले, "साफ तो बोल रहे हैं काकाजी. खाली करके. इन्होंने खाली किया ही नहीं."

मी शमिका मॅडमकडे बघत होते. त्यांचा चेहरा बघता बघता उतरला. त्या मराठीत ऐकत होत्या आणि त्यांना त्या घडीला समजलं, मी शपथेवर सांगते. त्यांनी तोंड उघडलं, मॅनेजरकडे बघितलं आणि बंद केलं. कापलेला भाग त्यांनीच कापला होता. पोटाचा प्रश्न त्यांनाही आहेच.

साहेब यांना म्हणाले, "काकाजी, आपने ठीक सिखाया था न?"

आम्ही सगळ्यांनी यांच्याकडे बघितलं. धम्मदीनानं तर पहिल्यांदाच असं मान वर करून सासऱ्याच्या तोंडाकडे सरळ बघितलं असेल. तिची पकड माझ्या दंडावर घट्ट झाली. मनातून मी म्हणत होते, बोला हो, आता तरी बोला. हे फरशीकडे बघत राहिले.

"जी," हे म्हणाले. "ठीक सिखाया था."

साहेबांनी तिला विचारलं, "और आप? क्या हुआ था?"

तिनं माझा दंड सोडला. मग हिंदीत म्हणाली, "मेरा ध्यान नहीं था सर. गलती मेरी है." ते तसंच लिहून घेतलं. सहीला कागद पुढं आला तेव्हा तिनं सवयीनं उजवा हात उचलला, मग तो परत मांडीवर ठेवला. डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. बारावी झालेली पोरगी आणि अंगठा.

परत येताना मॅजिक टेम्पोत मी तिला म्हटलं, "असं का बोललीस?"

"ते बोलतील म्हणून मी थांबले होते," ती म्हणाली. "नाही बोलले. मग चार लोकांत मी सासऱ्याला खोटं पाडू का?" आणि खिडकीकडे तोंड करून बसली. रस्ताभर तिची पाठ हलत होती आणि मी त्या पाठीवर हात ठेवून होते.

चार लोकांत नाव गेलं ते गेलंच. टेबलावरच्या बाया मला म्हणायला लागल्या, शिकलेल्या पोरींना मोबाइलमधून वेळ असतो का, ध्यान कुठं असतं त्यांचं. मी त्यांच्याशी भांडले, एकीची तर टोपली उधळून लावली. पण कागदावर तिनंच लिहून दिलेलं, माझं भांडण किती पुरणार? घराबाहेर निघाली की ती हात ओढणीत लपवायची. मग तिनं निघणंच बंद केलं. शेवटी बुद्धरत्न म्हणाला, "आई, मी हिला मलकापूरला नेतो. तिकडेच गाडी मिळेल मला चालवायला." त्यानं बापाची वाट बघितली होती, मला माहीत आहे. रोज जेवताना बघायचा.

निघायच्या दिवशी हे पहाटेपासून सायकल उलटी करून चेन साफ करत बसले होते. चेन साफच होती. धम्मदीना माझ्या पाया पडली, डाव्या हातानं. मग ओट्याच्या कडेला उभी राहून म्हणाली, "येते मामाजी. जय भीम."

"हूं," हे म्हणाले. चेनीवरून मान उचलली नाही. ती गेल्यावर सायकल सरळ करायला उठले तर उठता येईना, गुडघ्यावर हात ठेवून तसेच वाकून राहिले. मी बघितलं आणि आत गेले. मला दया आली नाही, खरं सांगते.

थंडी पडली. गव्हाला पाणी सुरू झालं, सांवेरच्या रस्त्यावर सकाळी धुकं. प्लांटवर नवीन तुकडी आली, रावेरकडच्या बाया आणि पोरी. जेवणाच्या सुट्टीत त्यांना कँटीनमध्ये टीव्हीसमोर बसवलं. व्हिडिओ तोच. चौकशीत तो पास झाला होता ना. एरवी यांना मानानं पुढच्या खुर्चीत बसवायचे, त्या दिवशी हे मागं जाऊन बसले. मी डबा उघडून कोपऱ्यात बसले होते. यांचा आवाज सुरू झाला की मी हल्ली भाकरीकडे बघते.

पुढं बसलेली एक पोरगी शेजारणीला समजावत होती. "आधी डबा खाली घ्यायचा, मग हात," ती म्हणाली आणि तिनं हात वरून खाली आणून दाखवला. चांगली बोटं होती, मेंदी लावलेली.

ते यांनी बघितलं. हे उठले. मला वाटलं बाहेर जातील, नेहमीसारखे. ते सरळ टीव्हीपाशी गेले आणि भिंतीतून वायर ओढून काढली.

"पोरींनो, ऐका," हे म्हणाले. "खाली म्हणजे रिकामे. डबे रिकामे करायचे. सगळे. वेळ लागला तर लागू दे, मालक ओरडला तर ओरडू दे. एक जरी डबा भरलेला असला तर आत हात घालायचा नाही, बटण बंद असलं तरी नाही." वायर अजून त्यांच्या हातातच होती. "मी यात चुकीचं बोललोय. माझ्या सुनेनं हाच व्हिडिओ बघून हात घातला. तिनं बरोबर ऐकलं होतं. तिचं ध्यान होतं. मीच चुकीचं सांगितलं, आणि नंतर साहेबांसमोर खोटं बोललो."

मॅनेजर दारात होते. म्हणाले, "काकाजी, ये क्या है? बैठ जाइए."

"नहीं साहब," हे म्हणाले. "वो कागज निकालो, जिसपे उसका अंगूठा है. मुझे उसमें लिखवाना है."

कागद कुठला निघतोय. तो वर गेला, वर गेलेला परत येत नाही, असं शमिका मॅडमनी मला नंतर बाहेर बोलावून सांगितलं. त्या रडत होत्या. मी त्यांना पाणी दिलं, दुसरं काय देणार? व्हिडिओ मात्र काढून टाकला. आणि यांनाही एलिवेटरवरून काढलं, गेटवर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रॉल्यांना दांडा वर करून द्यायला. तीस पोरींसमोर यांची मान खाली गेली असं लोक म्हणतात. मला तर त्या दिवशी माझा नवरा बऱ्याच दिवसांनी दिसला.

घरी आल्याबरोबर मी चूलसुद्धा पेटवली नाही, मलकापूरला फोन लावला. हे ओट्यावर बसले होते. त्यांना ऐकू जावं म्हणून मी आवाज मोठा केला. धम्मदीनानं उचलला. मी म्हटलं, "बाई, आज हे बोलले. सगळ्यांसमोर बोलले. तू बरोबर ऐकलं होतंस, चूक यांची होती, असं बोलले. मॅनेजरला बोलले. मशीनवरून काढलं यांना, तरी मागं हटले नाहीत."

तिकडे कुकरची शिट्टी झाली. कुणाचं तरी पोर रडत होतं.

"ऐकू आलं का गं?"

"आलं आत्या." मग म्हणाली, "मामाजी हे त्या दिवशी बोलले असते ना, तर मी तुमच्याकडेच राहिले असते. हात गेला तरी राहिले असते."

मी फोन यांच्यासमोर धरला. यांनी तो दोन्ही हातांत घेतला, कानाला लावला, तोंड उघडलं. तिकडून ती "आत्या? आत्या, आहात का?" म्हणत होती. हे फोन तसाच धरून बसून राहिले, आणि थोड्या वेळानं तिकडे तिनं फोन ठेवला.